उपग्रहाला तुमचा पत्ता माहीत नाही!

आईच्या किंवा बाबांच्या फोनवर नकाशा उघडला की एक निळा ठिपका दिसतो. तुम्ही चालू लागलात की तोही चालतो, रिक्षात बसलात की पळायला लागतो. आता घरात कुणालाही विचारून बघा, "आपण कुठे आहोत ते या फोनला कसं कळतं?" दहातले नऊ जण आकाशाकडे बोट दाखवतील आणि म्हणतील, "वरून उपग्रह बघतो ना! तोच सांगतो फोनला."

हे उत्तर इतक्या वेळा कानावर येतं की आधी तेच खोडून काढू या. जीपीएसचा उपग्रह तुम्हाला बघत नाही. तुमचा फोन त्याला काही विचारत नाही, आणि विचारणार तरी कसा? उपग्रह आहे जमिनीपासून 20,200 किलोमीटर उंचीवर. फोनची हाक कशीबशी काही किलोमीटरवरच्या मोबाइल टॉवरपर्यंत जाते. तिकडे वर पोहोचेल एवढी ताकद त्या चपट्या बॅटरीत कुठून येणार?

मग उपग्रह करतो काय? तो दिवसरात्र रेडिओ लहरींवर सारखा एकच मजकूर सांगत राहतो. मी अमुक क्रमांकाचा उपग्रह, माझी कक्षा अशी अशी, आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. खाली कोण ऐकतंय, किती जण ऐकतायत, याचा त्याला पत्ता नसतो. फोन फक्त कान देऊन ऐकतो आणि ऐकलेल्यावरून आपली जागा स्वतःच गणित करून काढतो. कोट्यवधी फोन एकाच वेळी हे करतात, तरी उपग्रहावरचं काम कणभरही वाढत नाही.

पण गंमत बघा. उपग्रहानं सांगितली वेळ, आणि फोनला कळली जागा. हे कसं काय?

पावसाळ्यात वीज चमकते तेव्हा मोठी माणसं मनातल्या मनात आकडे मोजतात, ते तुम्ही पाहिलं असेल. लखलखाट झाल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद गेले, तर वीज साधारण एक किलोमीटरवर पडली. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणून हा हिशेब जमतो. किती वेळ लागला ते कळलं, की किती अंतर ते कळतं. फोन नेमकं हेच करतो. फरक एवढाच, की रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगानं येतात, सेकंदाला जवळजवळ 3 लाख किलोमीटर. डोक्यावरच्या उपग्रहाकडून निघालेली लहर तुमच्या हातातल्या फोनपर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. लहर निघाली कधी ते तिच्यातच लिहिलेलं असतं. पोहोचली कधी ते फोन बघतो. दोन्हींची वजाबाकी, गुणिले प्रकाशाचा वेग, की आलं अंतर.

आता एका अंतरावरून जागा कळेल का? नाही कळणार. शाळेच्या मैदानावर करून बघा. थोडी फक्की आणि एक लांब दोरी घ्या. तुमची मैत्रीण म्हणाली, "मी झेंड्याच्या खांबापासून दहा मीटरवर उभी होते." ठीक आहे, खांबाभोवती दहा मीटरचं वर्तुळ आखा. ती त्या रेघेवर कुठेही असू शकेल. मग ती म्हणाली, "आणि नळापासून बारा मीटरवर." नळाभोवती दुसरं वर्तुळ. दोन वर्तुळं एकमेकांना दोन ठिकाणी छेदतील. शेवटी ती सांगते, "फाटकापासून आठ मीटर." तिसरं वर्तुळ आखलं की दोनातली एकच जागा उरते. फोनच्या बाबतीत खांब, नळ आणि फाटक आकाशात असतात आणि वर्तुळांच्या जागी प्रचंड मोठे गोल असतात. बाकी युक्ती हीच.

इथपर्यंत सोपं आहे. खरी अडचण पुढे आहे, आणि मला स्वतःला या सगळ्या गोष्टीत तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

अडचण घड्याळाची. प्रकाश सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात 300 मीटर जातो. म्हणजे घड्याळ एवढंसं जरी चुकलं, तरी फोन तुम्हाला तीन-चार गल्ल्या सोडून पलीकडे नेऊन ठेवेल. उपग्रहांवर यावर उपाय आहे. तिथे अणुघड्याळं असतात, रुबिडियम किंवा सिझियम या मूलद्रव्यांच्या अणूंवर चालणारी. सिझियमच्या अणूशी जुळणारी लहर 9,19,26,31,770 वेळा हलली की एक सेकंद झाला, अशी सेकंदाची व्याख्याच 1967 साली ठरली. पण अशी घड्याळं महाग असतात. ती फोनमध्ये घालायची म्हटलं तर फोन कुणालाच परवडायचा नाही. फोनमध्ये असतं क्वार्ट्झच्या स्फटिकाचं साधं स्वस्त घड्याळ. शाळेची वेळ गाठायला ते उत्तम, पण प्रकाशाशी शर्यत लावायला अगदीच कच्चं.

मग शास्त्रज्ञांनी काय केलं? त्यांनी फोनला चौथा उपग्रह ऐकायला लावला.

का, ते पुन्हा मैदानावर कळेल. समजा तुमच्या मोजायच्या दोरीचं सुरुवातीचं टोक तुटलेलं आहे आणि त्यामुळे प्रत्येक अंतर सारखंच, एकेक मीटर चुकतंय. आता एक चौथं वर्तुळही आखा, वडाच्या झाडाभोवती. चारही वर्तुळं एका बिंदूत मिळणारच नाहीत. पण चूक सगळीकडे सारखी आहे ना? मग प्रत्येक वर्तुळ थोडं थोडं वाढवत किंवा कमी करत जा. एका क्षणी चारही रेघा एकाच ठिपक्यात येऊन भेटतील. तिथे तुमची मैत्रीण सापडली, शिवाय दोरी किती चुकत होती तेही कळलं! फोन असंच गणित सोडवतो. लांबी, रुंदी, उंची आणि स्वतःच्या घड्याळाची चूक, अशी चार उत्तरं त्याला हवी असतात, म्हणून चार उपग्रह लागतात. ठिपका नकाशावर उमटतो त्याच वेळी त्या स्वस्त घड्याळाला अणुघड्याळाच्या तोडीची अचूक वेळ फुकटात मिळालेली असते.

आता अल्बर्ट आइनस्टाइन यांची पाळी. हो, तेच ते, विस्कटलेल्या केसांचे. त्यांनी 1905 आणि 1915 साली सांगितलं होतं, की वेळ सगळीकडे एकाच गतीनं चालत नाही. वेगानं जाणाऱ्या घड्याळाची गती मंदावते, आणि गुरुत्वाकर्षण जिथे कमी तिथे घड्याळ भराभर चालतं. जीपीएसचा उपग्रह सेकंदाला जवळजवळ 4 किलोमीटर पळतो, म्हणून त्याचं घड्याळ दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागे पडतं. (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.) पण तो इतका उंच आहे की कमी गुरुत्वाकर्षणामुळे तेच घड्याळ 45 मायक्रोसेकंद पुढेही जातं. हिशेब केला तर दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे. एवढ्याशा फरकाकडे दुर्लक्ष केलं, तर एका दिवसात अंतरात सुमारे 11 किलोमीटरची चूक साठेल.

1977 साली जेव्हा एनटीएस-2 नावाचा चाचणी उपग्रह अणुघड्याळ घेऊन वर गेला, तेव्हा काही जणांना शंकाच होती, की हे सगळं खरोखर होईल का? म्हणून त्यांनी घड्याळाची दुरुस्ती करणारी यंत्रणा मुद्दाम बंद ठेवली आणि वीस दिवस नुसतं बघत राहिले. घड्याळ आइनस्टाइन यांच्या गणिताप्रमाणेच पुढे जात होतं. तेव्हापासून जीपीएसची घड्याळं जमिनीवर असतानाच मुद्दाम किंचित हळू लावतात. वर गेली की ती बरोबर चालतात.

हे सगळं सुरू कसं झालं, तेही सांगते. 4 ऑक्टोबर 1957 रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघानं स्पुटनिक हा जगातला पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. तो पृथ्वीभोवती फिरत 'बीप बीप' असा संदेश पाठवायचा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ काम करत होते. त्यांनी रेडिओ लावून ते बीप ऐकायला सुरुवात केली. ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं, की उपग्रह जवळ येताना लहरींची पट्टी चढी आहे आणि दूर जाताना ती उतरते. आगगाडी शिट्टी वाजवत स्टेशनातून सुसाट निघून जाते तेव्हा शिट्टीचा सूर एकदम खाली उतरतो ना, तोच हा परिणाम. त्याला डॉपलर परिणाम म्हणतात. या चढ-उतारावरून त्या दोघांनी स्पुटनिकची कक्षा शोधून काढली, तीही एका जागी बसून, नुसतं ऐकून!

पुढच्या वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्ल्युअर यांनी त्यांना बोलावलं आणि प्रश्न उलटा केला. जमिनीवरची जागा माहीत असताना उपग्रह सापडतो. मग उपग्रहाची जागा माहीत असेल, तर जमिनीवरची जागा सापडेल का? मॅक्ल्युअर यांच्या मनात होत्या समुद्रातल्या पाणबुड्या, ज्यांना आपण नेमके कुठे आहोत हे कळणं अवघड जायचं. या उलट्या प्रश्नातून ट्रान्झिट नावाची उपग्रहांची यंत्रणा उभी राहिली, आणि तिच्यानंतर आली जीपीएस. जीपीएसचा पहिला उपग्रह 1978 मध्ये गेला आणि 1995 मध्ये ती पूर्ण तयार झाली. सुरुवातीला सामान्य लोकांसाठीचा संदेश मुद्दाम थोडा बिघडवून पाठवत असत, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. मे 2000 मध्ये अमेरिकेनं ते थांबवलं. आज मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन पाचेक मीटरपर्यंत बरोबर सांगतो.

या कामात ग्लॅडिस वेस्ट नावाच्या एका गणितज्ञ बाईंचाही मोठा वाटा आहे. पृथ्वी काही गुळगुळीत चेंडू नाही. कुठे फुगलेली, कुठे दबलेली असा तिचा आकार आहे, आणि तो अचूक माहीत नसेल तर उपग्रहांवरून काढलेली जागाही चुकते. वेस्टबाईंनी वर्षानुवर्षं संगणकावर काम करून पृथ्वीच्या आकाराची बारीक गणितं मांडली. ठिपका दिसतो तेव्हा त्यांची आठवण क्वचितच कुणाला होते, म्हणून नाव मुद्दाम सांगितलं.

आता फोनच्या कानाबद्दल थोडं. उपग्रहाचा संदेश जमिनीवर येईपर्यंत किती क्षीण होतो, माहीत आहे? एका वॅटचे एक कोटी भाग करा. त्यातला एक भाग घ्या आणि त्याचे पुन्हा एक कोटी भाग करा. त्यातल्याही एका भागाचे शंभर भाग करा. एवढीशी शक्ती फोनच्या अँटेनापर्यंत पोहोचते. आजूबाजूचा रेडिओ गोंगाट त्याहून मोठा असतो! शिवाय जीपीएसचे सगळे उपग्रह एकाच कंप्रतेवर एकदम बोलत असतात. तरी फोन ते ओळखतो, कारण प्रत्येक उपग्रहाची शून्य आणि एक यांची स्वतःची वेगळी माळ ठरलेली आहे. तिच्यात 1,023 अंक असतात आणि ती सेकंदाला हजारदा म्हटली जाते. फोनकडे सगळ्या माळांची नक्कल असते. ती नक्कल तो पुढे-मागे सरकवत गोंगाटाशी ताडून बघतो. जुळली, की उपग्रह ओळखला जातो, आणि नक्कल किती सरकवावी लागली त्यावरून वेळेचं गणितही सुटतं.

इतका क्षीण संदेश काँक्रीटच्या छतातून आत येईना. म्हणून घरात, मॉलमध्ये, तळघरात उपग्रह ऐकू येत नाहीत. कोकण रेल्वेनं जाताना रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटर लांबीचा. त्यात फोनवर नकाशा उघडून बघा, ठिपका एका जागी खिळून राहील किंवा अंदाजानं सरकेल. मुंबईत उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यावर वेगळीच तऱ्हा. तिथे लहरी भिंतींवर आपटून, लांबच्या वाटेनं येतात. फोनला वाटतं उपग्रह जास्त दूर आहे, आणि ठिपका बाजूच्या गल्लीत जाऊन बसतो.

मग घरात बसलेल्या फोनला तुमची सोसायटी कशी सापडते? इथे तो आकाशाचा नाद सोडतो आणि शेजारीपाजारी कान लावतो. प्रत्येक वायफायचा डबा सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव आणि स्वतःचा वेगळा क्रमांक हवेत पुकारत असतो. तुमच्याकडे पासवर्ड नसला, तरी फोनला ते पुकारणं ऐकू येतं. आजवर लाखो फोन रस्त्यांवरून फिरले, तेव्हा त्यांनी उपग्रहावरून काढलेली जागा आणि तिथे ऐकू आलेले वायफायचे क्रमांक अशा जोड्या गूगल, अ‍ॅपल यांच्यासारख्या कंपन्यांकडे जमा झाल्या. आता तुमच्या फोनला पाच-सहा ओळखीचे क्रमांक एकदम ऐकू आले, की ते कुठल्या इमारतीच्या आसपासचे आहेत ते त्या यादीतून कळतं. जो जोरात ऐकू येतो तो जवळचा. आता सांगा, एखादं कुटुंब नागपूरहून कोल्हापूरला राहायला गेलं आणि वायफायचा डबाही बरोबर घेऊन गेलं, तर? यादी ताजी होईपर्यंत एखादा फोन गोंधळून कोल्हापुरात बसून नागपूर दाखवू शकतो!

वायफाय नसेल तर मोबाइलचे टॉवर आहेतच. प्रत्येक टॉवरला क्रमांक असतो आणि तो कुठे उभा आहे ते माहीत असतं. पण टॉवरवरून जागा ढोबळच कळते. शहरात काही शे मीटर, खेड्यात काही किलोमीटर इतकी चूक सहज होते. निळ्या ठिपक्याभोवती कधी कधी फिकट निळा गोल दिसतो ना? तो फोनचा प्रामाणिकपणा आहे. "मी या गोलात कुठेतरी आहे, याहून नेमकं सांगता येत नाही," असं तो म्हणतो. हा गोल मला फार आवडतो. आपल्याला किती खात्री आहे हे उत्तराबरोबर सांगणं, ही विज्ञानातली फार चांगली सवय आहे.

टॉवर आणखी एक मदत करतात. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती इतक्या सावकाश सांगतो, सेकंदाला फक्त 50 बिट, की ती पूर्ण ऐकायला निदान अर्धं मिनिट जातं. फोन तेवढं थांबत नाही. तीच माहिती तो इंटरनेटवरून झटकन मागवतो, म्हणून नकाशा उघडताच ठिपका हजर होतो.

आणि हो, आकाशात फक्त अमेरिकेचे उपग्रह नाहीत. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू, सगळ्यांचे मिळून शंभराहून जास्त उपग्रह फिरतायत, आणि आजचे फोन त्यांतल्या अनेकांचं ऐकतात. आपल्या भारताची यंत्रणा आहे नाविक. इस्रोनं तिचा पहिला उपग्रह 1 जुलै 2013 रोजी सोडला. हिचे उपग्रह जीपीएसपेक्षाही उंच, जवळजवळ 36,000 किलोमीटरवर असतात. काही विषुववृत्तावर एका जागी स्थिर दिसतात, तर काही आकाशात इंग्रजी आठचा आकडा काढत फिरतात. सगळं जग व्यापायचं नसल्यामुळे सात उपग्रहांत भारत आणि आजूबाजूचा 1,500 किलोमीटरचा प्रदेश सामावतो. पण इथेही घड्याळानंच छळलं. पहिल्या उपग्रहांवर परदेशातून आणलेली अणुघड्याळं बसवली होती आणि त्यांतली बरीच बंद पडली. घड्याळ बंद, म्हणजे उपग्रह असून नसल्यासारखा. मग आपल्या शास्त्रज्ञांनी रुबिडियमचं अणुघड्याळ अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात स्वतः तयार केलं. 29 मे 2023 रोजी एनव्हीएस-01 या उपग्रहाबरोबर ते वर गेलं. जानेवारी 2025 मध्ये त्याच्या पाठोपाठ गेलेला एनव्हीएस-02 मात्र ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. हे काम अवघड आहे आणि अजून चालू आहे. तुमच्यातलं कुणीतरी पुढे त्यात असावं असं मला मनापासून वाटतं.

जीपीएससारख्या यंत्रणांच्या उपग्रहांवर कान ठेवून शास्त्रज्ञ खडकात पक्की बसवलेली यंत्रं वर्षानुवर्षं चालू ठेवतात. त्यांच्या नोंदींवरून कळलंय, की आपला भारत देश वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतोय. तुम्ही अगदी स्थिर बसून हा लेख वाचत असलात, तरी!

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. उपग्रहाला तुमचा पत्ता माहीत नाही, पण फोनला आहे. फोनमधलं एखादं अ‍ॅप तो पत्ता इंटरनेटवरून दुसऱ्या कुणाकडे पाठवू शकतं. नकाशाच्या अ‍ॅपला जागा लागते हे पटतं. टॉर्चच्या किंवा खेळाच्या अ‍ॅपला ती कशाला हवी? आज आई-बाबांबरोबर बसून फोनच्या सेटिंगमध्ये कुणाकुणाला ही परवानगी दिलीय ते बघा, आणि ज्यांना गरज नाही त्यांची काढून टाका.

आणि सुट्टीच्या दिवशी हा प्रयोग करा. घरच्या वायफायवर आपल्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. मग मोठ्या माणसांना घेऊन एखाद्या मोकळ्या माळावर जा, फोन विमान मोडवर टाका, वायफायही बंद असल्याची खात्री करा आणि नकाशा उघडा. टॉवर नाही, वायफाय नाही, इंटरनेट नाही, तरी थोडं थांबलात तर ठिपका येईल. तो यायला किती सेकंद लागले ते मोजा, मग इंटरनेट चालू करून पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे आम्हाला पत्रानं नक्की कळवा.